चप्पल पायातून निसटते तेव्हा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये मांडलेल्या चपलांना टाचेमागे पट्टा नसतो. ही चप्पल पायात टिकते ती अंगठ्याच्या पकडीवर आणि दर पावलागणिक पाऊल वर उचलले जाते त्यावर. जीएनई मायोपथी या स्नायूंच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात बहुधा हे उचलणेच सर्वांत आधी दुबळे होते. विशी-तिशीत नडगीपुढचा स्नायू क्षीण होऊ लागतो, पाऊल लोंबू लागते. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे बऱ्यापैकी शाबूत असते.

अशा रुग्णाला ‘जिना चढता येतो का?’ एवढेच विचारून फारसे काही हाती लागत नाही. पायरीला पायाची बोटे अडतात, की अंग वर उचलायला जोर पुरत नाही? पंचगंगेच्या घाटावर पायऱ्या चढणाऱ्याला हा फरक डॉक्टरांच्या आधी कळलेला असतो. म्हणूनच आजाराचा त्रास मोजणारी लक्षणांची प्रश्नावली बनवायची सुरुवात रुग्णांच्या मुलाखतींपासून करतात, आणि नवे काही ऐकू येईनासे झाले की त्या थांबवतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही प्रश्न रुग्णांच्या बोलण्यातून आल्याचा पुरावा अपेक्षित होता.

अडचण संख्येची आहे. दहा लाखांत एक ते नऊ रुग्ण असा जगभरचा अंदाज धरला, तर २०११च्या जनगणनेत ३८ लाखांवर लोकसंख्या असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात चार ते पस्तीस माणसे भरतील. एवढ्यांवर संख्याशास्त्र उभे राहत नाही. त्यामुळे प्रत्येकाशी सावकाश बोलणे आले.

मसुदा तयार झाला की रुग्णाला प्रत्येक प्रश्न वाचायला देऊन त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत विचारतात. नुसती भाषांतरित प्रश्नावली इथे उघडी पडते: ‘थकवा’ म्हणजे दिवसभर राबल्याचा शीण, की स्नायूने हुकूमच न मानणे? शिवाय परदेशी प्रश्नावलीत पंगतीला मांडी घालून बसणे आणि पुन्हा उठणे कुठून येणार?

सर्वांत फसवे उत्तर ‘त्रास नाही’ हे असते. आजार वर्षानुवर्षे हळूहळू सरकत असल्याने माणूस नकळत वाट बदलतो, भिंतीचा आधार घेतो, काही कामे सोडूनच देतो. पट्ट्याचे सँडल वापरू लागलेला रुग्ण ‘चप्पल पायातून निसटते का?’ यापुढे ‘कधीच नाही’ अशी खूण प्रामाणिकपणे करील. म्हणून त्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न लागतो: ‘निसटते म्हणून आपण चप्पल घालणे सोडले आहे का?’