व्युर्त्सबुर्गच्या जिन्यावरचे चार खंड

[दृश्य: बुटकं, अंधारं दालन. कॅमेरा हळूहळू पायऱ्यांकडे वळतो.]

जर्मनीतलं व्युर्त्सबुर्ग. राजवाड्यात शिरलं की आधी लागतं हे बुटकं दालन. पाहुण्यांची घोडागाडी थेट इथवर आत यायची. गाडीतून उतरायचं, डावीकडे वळायचं, की समोर जिना. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या. पायांकडे न बघता, मान वर करून आरामात चढता येतं. आणि मान वर करावीच लागते.

[दृश्य: पहिल्या पायऱ्यांवरून दिसणारा छताचा तुकडा.]

सुरुवातीला छतावर रंगवलेल्या चित्राची फक्त पलीकडची कड दिसते. डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेली एक स्त्री मगरीवर बसली आहे. ही अमेरिका; इथं प्रत्येक खंड एका स्त्रीच्या रूपात आहे. तिच्याजवळ तोडलेल्या मुंडक्यांचा ढीग, पलीकडे शिकारीची धांदल. आणखी चार पायऱ्या चढलं की वर आकाश मोकळं होतं आणि मधोमध सूर्यदेव अपोलो येतो. मग एका बाजूला हत्तीवर बसलेली आशिया, दुसऱ्या बाजूला उंटासोबत आफ्रिका. जिना मध्येच दुभंगतो आणि उलट्या दिशेनं वर जातो. तिथं आपण वळतो, आणि इतका वेळ पाठीमागे असलेला युरोप समोर येतो.

चित्र एका जागी उभं राहून बघण्यासाठी काढलेलंच नाही. चालणाऱ्या माणसाला कुठल्या पायरीवर काय दिसेल, याचा हिशेब त्यात आहे.

[दृश्य: राजवाड्याचं बाहेरून दर्शन.]

इथं राजा नव्हता. होता तो राजबिशप, म्हणजे धर्मगुरूही तोच आणि प्रांताचा सत्ताधीशही तोच. गादी वारशानं मिळायची नाही. चर्चचे वरिष्ठ नवा बिशप निवडत. राजवाडा पोराला देता येत नाही म्हटल्यावर निदान छतावर तरी आपला चेहरा राहावा, असं वाटणं साहजिक आहे. व्हर्सायला चौदाव्या लुईनं आरसेमहालाच्या छतावर स्वतःच्या लढाया रंगवून घेतल्या होत्या. व्युर्त्सबुर्गच्या कार्ल फिलिप फॉन ग्राइफेनक्लाउकडे सांगण्यासारख्या लढाया नव्हत्या. त्यानं अख्खी पृथ्वी मागवली.

बांधकाम १७२० मध्ये सुरू झालं, १७४४ पर्यंत इमारत उभी राहिली. स्थपती बाल्थाझार नॉयमन, मुळात तोफखान्यातला माणूस. जिन्यावरचं छत सुमारे १८ मीटर रुंद, ३० मीटर लांब, आणि मध्ये एकही खांब नाही. दगडाची ती एकच कमानदार पाठ आहे, वजन कमी राहावं म्हणून सच्छिद्र, हलक्या दगडाची. हे कोसळणार, अशी तेव्हा कुजबुज होती म्हणतात. आणि नॉयमननं ‘खाली तोफा डागून बघा’ असं आव्हान दिलं, अशीही दंतकथा आहे. खरी असो वा नसो, माणसाच्या स्वभावाला शोभते.

[दृश्य: परांचीची रेखाचित्रं.]

१७५० च्या डिसेंबरात व्हेनिसहून चित्रकार जोव्हान्नी बात्तिस्ता तिएपोलो आला, सोबत दोन मुलगे, दोमेनिको आणि लोरेन्झो. आधी त्यानं सम्राटांचं दालन रंगवलं. ते इतकं पसंत पडलं की जिन्याचं कामही त्यालाच मिळालं. एप्रिल १७५२ मध्ये त्यानं तैलरंगातला कच्चा आराखडा बिशपला दाखवला. तो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

मग परांची चढली. फ्रेस्कोचं काम घाईचं आणि चिकाटीचंही. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल, तेवढाच गिलावा गवंडी लावतो. चुकलं तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लावायचा. त्यात हे छत वाकलेलं. परांचीवर जवळून बेढब दिसणारा हात खालून सरळ दिसला पाहिजे. हिवाळ्यात गिलाव्याचं काम थांबायचं, तेव्हा तिएपोलो तैलचित्रं रंगवायचा. नोव्हेंबर १७५३ ला तो परत निघाला.

[दृश्य: आशियाची बाजू, सावकाश.]

आपल्याकडचा प्रेक्षक आशियाच्या बाजूला साहजिकच रेंगाळतो. हत्ती आहे, साखळदंडातले कैदी आहेत, दूर टेकडीवर ख्रिस्ताच्या क्रूसाची आठवण आहे. तिएपोलो पूर्वेकडे कधी गेला नव्हता. त्याची आशिया आली ती छापील चित्रांतून, व्हेनिसच्या नाटकी पोशाखांतून आणि स्वतःच्या डोक्यातून. हिशेबही सरळ नाही. तिन्ही खंडांच्या वाट्याला प्राणी, माल आणि मजूर; संगीत, चित्र, शिल्प हे सगळं एकट्या युरोपच्या पदरात. हे खटकतं, आणि खटकावंच. तरी गंमत अशी, की चित्रकाराचा हात खरा रंगलाय तो त्या तीन बाजूंवर. आफ्रिकेकडे एक माकड शहामृगाची पिसं ओढतंय, ते बघा. युरोपची बाजू त्यामानानं शिष्टाचारात बसलेली.

[दृश्य: युरोपची कड, मग क्लोजअप.]

युरोपच्या डोक्यावर ढगांत बिशपसाहेबांची तसबीर तरंगते आहे. पण खाली, कडेवर, तोफेवर रेलून गणवेशात बसलेला माणूस कोण? बाल्थाझार नॉयमन. ज्याच्या कमानीवर हे सगळं टिकलंय, त्याला चित्रकारानं जमिनीलगत, प्रेक्षकाच्या सगळ्यात जवळ बसवलंय. माझ्या मते या छतावरचा हाच सर्वांत प्रामाणिक तुकडा. कोपऱ्यात तिएपोलो स्वतःही आहे, मुलगा दोमेनिकोसोबत.

नॉयमन ऑगस्ट १७५३ मध्ये वारला, काम पुरतं संपायच्या आधी. बिशप पुढच्या वर्षी. आणि पन्नास वर्षांच्या आत राजबिशपांची सत्ताच संपली.

[दृश्य: १९४५ ची कृष्णधवल छायाचित्रं.]

१६ मार्च १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी व्युर्त्सबुर्गवर बाँब टाकले. काही मिनिटांत शहर पेटलं, सुमारे पाच हजार माणसं मेली. राजवाड्याचं लाकडी छप्पर जळून खाली आलं. त्याचा भार नॉयमनच्या कमानीवर पडला, आणि ती टिकली. वर छप्पर नाही, पाऊस थेट कमानीवर. अमेरिकन सैन्यातले कलारक्षक अधिकारी जॉन स्किल्टन तिथं पोचले. उद्ध्वस्त मुलखात त्यांनी लाकूड मिळवलं, करवती चालू करून घेतल्या आणि वर तात्पुरतं छप्पर उभं केलं. त्यांनी चित्राला हात लावला नाही. फक्त ते कोरडं ठेवलं. बाकीच्या राजवाड्याची डागडुजी पुढे १९८७ पर्यंत चालली. १९८१ मध्येच तो जागतिक वारसा यादीत गेला होता.

[दृश्य: माद्रिदच्या राजवाड्याचं सिंहासनदालन.]

तिएपोलोला पुढे खराखुरा राजा भेटला. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसनं त्याला बोलावलं, १७६२ मध्ये तो माद्रिदला पोचला आणि तिथल्या सिंहासनदालनाचं छत त्यानं १७६४ पर्यंत पूर्ण केलं. १७७० मध्ये तो तिथंच वारला. तोवर आवडीनिवडी बदलल्या होत्या. माद्रिदजवळच्या आरांहुएसच्या चर्चसाठी त्यानं शेवटी रंगवलेली वेदीचित्रं लवकरच उतरवून दुसऱ्यांची लावली गेली.