जुलाब कशाचे?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. आयोडीनच्या पिवळसर थेंबात काही लंबगोल ठिपके.)

मधोमध दिसतोय तो ठिपका नीट पाहा. लांबी साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ही जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीची सिस्ट. आतला जीव कवचात मिटून बसलाय. पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवरून तो पोटात गेला की लहान आतड्यात कवच सोडतो, आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि वाढू लागतो.

१६८१ साली सूक्ष्मदर्शकानं सूक्ष्मजीव पाहणाऱ्या डच संशोधक लेव्हेनहूकला जुलाब लागले होते. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली त्यानं आपलीच शौच ठेवली आणि तिच्यात सरपटणारे इवले जीव पाहिले. वर्णनावरून तो जिआर्डियाच असावा, असं मानतात. जुलाब झाले म्हणून त्यानं तपासून पाहिलं, एवढी साधी ती गोष्ट. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत नेमकं हेच राहून जातं.

(दृश्य: औषधांची पाकिटं, शेजारी ग्लुकोमीटर.)

कारण त्याच्या जुलाबांना उत्तरं आधीच तयार असतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं पोट बिघडतं, हे खरं. जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा दुखावतात आणि रात्री-अपरात्री पातळ शौचाला होतं, हेही खरं. ही दोन कारणं इतकी ओळखीची झाली आहेत की तिसरं कुणी शोधतच नाही. गोळी बदलते, डोस कमी होतो, आठवडे जातात, वजन उतरतं. शौचाची तपासणी मात्र चिठ्ठीवर येत नाही. मला हे फार खटकतं, कारण ही तपासणी साधी आहे.

साखर सतत चढलेली असली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मंदावतात. संसर्गाच्या जागी त्या उशिरा पोचतात आणि जंतू गिळण्यातही कमी पडतात. मधुमेह असलेल्यांमध्ये परजीवी जास्त आढळतात का, यावर मात्र सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम आणि ब्लास्टोसिस्टिस या आतड्यातल्या परजीवींचं प्रमाण काही अभ्यासांत जास्त दिसलं, काहींत फरक दिसला नाही.

पण जुलाब लागल्यावर काय होतं, ते नीट माहीत आहे. इन्सुलिन घेतलंय आणि अन्न पोटात टिकत नाही, तर साखर झपाट्यानं उतरते. उलट संसर्गाच्या ताणानं ती चढूही शकते. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर भार येतो आणि मेटफॉर्मिनसारख्या काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. हा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यायचा. इन्सुलिन तर स्वतःच्या मनानं कधीही बंद करायचं नाही.

आणि ओआरएस. "त्यात साखर असते, मला चालणार नाही," असं म्हणत कितीतरी जण ते बाजूला ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते चवीसाठी घातलेलं नाही. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. ग्लुकोज काढून टाकलं तर मिठाचं पाणी नुसतं वाहून जाईल. ओआरएस घ्या, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

(दृश्य: प्रयोगशाळा. नमुन्याच्या तीन डब्या, प्रत्येकीवर वेगळी तारीख.)

डब्या तीन का? सिस्ट रोज बाहेर पडत नाहीत. आज रिपोर्ट कोरा आला आणि परवा त्याच माणसाच्या नमुन्यात त्या दिसल्या, असं नेहमी घडतं. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यायचे, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. पातळ शौच असेल तर ती लवकरात लवकर पोचवायची, कारण तिच्यातले हलणारे जीव थोड्याच वेळात मरतात आणि मग ओळखू येत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी वेगळी रंगप्रक्रिया लागते. ती नेहमीच्या तपासणीत बहुधा नसते, मुद्दाम सांगावी लागते.

(दृश्य: ओल्या मातीतून चाललेली अनवाणी पावलं.)

आता जंतांकडे वळू. अंकुशकृमी आतड्याला चावून रक्त पितात, हळूहळू शरीरातलं लोह संपतं. लोह कमी झालं की तीन महिन्यांची साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणजे बिघाड रक्तातल्या लोहाचा, आणि औषध वाढतं साखरेचं. रोजच्या साखरेचे आकडे बरे असताना एचबीएवनसी वर गेलेला दिसला, तर हिमोग्लोबिन आणि लोह बघून घ्यावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती स्ट्राँगिलॉइडिसची. याची अळी मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पुढची पिढी त्याच शरीरात वाढून पुन्हा आतड्याची भिंत भेदते, त्यामुळे बाहेरून नव्यानं लागण न होताही हा जंत दशकानुदशकं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो अनेक दशकांनंतरही सापडला. एरवी तो गप्प असतो. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू झालं की अळ्या बेसुमार वाढतात, फुप्फुसांत आणि इतर अवयवांत पसरतात, आणि माणूस दगावू शकतो. मधुमेह असलेल्याला स्टेरॉइड देताना सगळ्यांचं लक्ष साखरेवर असतं. पूर्वी कधी ओल्या मातीत अनवाणी काम केलं असेल, तर ते डॉक्टरांना त्याच वेळी सांगा. साध्या शौच तपासणीत हा जंत बऱ्याचदा निसटतो, त्यासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते. औषधही वेगळं, आयव्हरमेक्टिन. जंतांची नेहमीची एक गोळी इथे पुरत नाही.

(दृश्य: पुन्हा तीच काचपट्टी.)

पहिल्या दोन डब्यांत काही मिळालं नव्हतं. हा थेंब तिसऱ्या डबीतला. जिआर्डियासाठी टिनिडॅझोलचा एक डोस बहुतेकांना पुरतो. आतड्याचं अस्तर भरून यायला मात्र काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात दूध पचत नाही, पोट फुगतं, आणि आजार परतला की काय असं वाटतं. तसं झालं तर मनानं पुन्हा गोळी घेऊ नका. आणखी एक नमुना द्या.