बांधावरच्या बाभळीच्या चार खुर्च्या

हा खर्र खर्र आवाज येतोय ना, हा रंधा चालायलाय आणि खाली लाकूड आहे बाभळीचं. वर्कशॉप म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड, आधी इथं कडबा असायचा. अंबाजोगाई तालुका, मे महिना, दुपारी पत्र्याखाली बसवतच नाही म्हणून काम सकाळी 6 ते 10 आणि मग दिवस कलल्यावर.

ही बाभूळ आमच्या बांधावरची, दोन वर्षांखाली वळवाच्या वादळात मुळासकट आडवी झाली. सगळे म्हणले जळतनाला होईल, पण मला ते पटेना, कारण बैलगाडीची चाकं, नांगर, वखर हे सगळं ह्याच लाकडाचं व्हायचं आणि पिढ्या न् पिढ्या टिकायचं. मग ओंडके चार महिने ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवले, ही जुन्या सुतारांची पद्धत, लाकडातला रस निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. नंतर सॉ मिलवर फळ्या पाडल्या आणि सावलीत, मधी पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचल्या. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरतात, आमच्या दीड इंची, म्हणजे दीड वर्ष नुसतं थांबायचं. किनवटचा साग आणला असता तर काम लवकर उरकलं असतं, बाभूळ लई कडक, पटाशीला घडीघडी धार लावावी लागती.

माप कुठून घेतलं, तर मायच्या पायावरून. बाजारातली खुर्ची 17-18 इंच उंच असती, मायचे पाय टेकतच नाहीत, मांडीखाली कड रुतून मुंग्या येतात, मग ती खाली बसती आणि उठताना गुडघे धरती, हे मी रोज बघायलोय. तिला ओट्याच्या कडेला बसवलं, टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत सुतळी धरली, भरली साडेपंधरा इंच. तिची खुर्ची साडेपंधराची, बाकी तीन सतराच्या.

आता हे जवळून बघा. बाजूची पट्टी मागच्या पायात शिरती तो हा सांधा. माणूस मागं रेलला की सगळा जोर इथंच येतो, खुर्ची मोडती ती बहुतेक इथंच, म्हणून इथं खिळा नाही, कुसू आहे, म्हणजे पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, पायातल्या भोकात बसती ती. इंचभर लांब कुसू आणि पायात तेवढंच खोल भोक. हातानं ढकलला की अर्धा आत जावा आणि उरलेला लाकडी हातोडीच्या दोन-तीन ठोक्यांत बसावा. सैल राहिला तर फेविकॉल काय करणार, आणि लई घट्ट झाला तर पाय उभा चिरतो, पहिल्या खुर्चीचा चिरलाच, तीन दिवसांचं काम गेलं, परत नवा पाय केला.

फेविकॉल वाळंपर्यंत सगळी खुर्ची आवळून धरायला एवढे मोठे क्लॅम्प माझ्याकडं नाहीत. नाडा, म्हणजे जाड दोर, गुंडाळायचा, मधी दांडकं घालून पीळ द्यायचा, कडब्याची गाडी आवळायचे तसं. मग टेप घेऊन बैठकीचे समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजायचे, दोन्ही मापं सारखी आली की रात्रभर हात लावायचा नाही.

डुगडुगती का हे बघायला शहाबादी फरशी बरी. खाली पाचरी घालून बैठक नीट करायची, एका ठोकळ्यावर पेन्सिल धरून तो चारी पायांभोवती फिरवायचा आणि त्या रेघेवर कापायचं, एक पाय थोडा, मग दुसरा थोडा असं करत बसायचं नाही.

शेवटी घाण्यावरचं जवसाचं तेल, पातळ हात, दोन-तीनदा. एक लक्षात ठेवा, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, शेडच जळायचं. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा. कच्चं तेल वाळायला लई दिवस घेतं. माय दिवसातून दोनदा येती, खुर्चीच्या हातावर बोट टेकवून बघती आणि विचारती, कामून चिकटतंय रे अजून?