मनाचे औषध, हृदयाचा आलेख

[दृश्य : जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग, ईसीजीची खोली]

छातीवर जेली लावून सहा बल्ब चिकटवले जातात, हातापायांना चिमटे लागतात आणि यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर येतो. पलंगावरच्या या २९ वर्षांच्या तरुणाला छातीत दुखत नाही की धाप लागत नाही. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आधीच्या दोन औषधांनी कानातले आवाज थांबले नाहीत, म्हणून आता क्लोझापिन सुरू करायचे ठरले आहे, आणि पहिली गोळी देण्याआधी त्याच्या हृदयाची आजची स्थिती कागदावर नोंदलेली हवी आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत ईसीजीचे यंत्र असणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट नाही. इथे ते आणण्यासाठी किती पत्रव्यवहार झाला, हा वेगळ्या चित्रफितीचा विषय ठरेल.

[दृश्य : ईसीजीच्या कागदावर पट्टी, जवळून]

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट ४० मिलिसेकंदांची. निवासी डॉक्टर पट्टी ठेवून मोजत आहेत ते क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांना विजेचा संदेश मिळाल्यापासून ते पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ. यंत्राने वर छापलेला आकडा त्यांनी पाहिला आहे, तरीही त्या चौकटी स्वतः मोजतात, कारण ठोके जलद असले की यंत्राचे नेहमीचे सूत्र हे अंतर आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. पेशींमधले पोटॅशियम ठरावीक मार्गाने बाहेर पडले की हृदय पुन्हा सज्ज होते, आणि मानसोपचारातली पुष्कळ औषधे नेमका हाच मार्ग कमीअधिक अडवतात. पुरुषात साधारण ४५० आणि स्त्रीत ४७० मिलिसेकंदांपर्यंत चिंता नसते. ५०० ओलांडले की डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. स्किझोफ्रेनियावर एकेकाळी सर्रास लिहून दिले जाणारे थायोरिडाझिन याच दोषामुळे मागे पडले आणि २००५ साली मूळ उत्पादक कंपनीने ते जगभरातून काढून घेतले. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या सिटालोप्रामवर २०११ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, तीही याच कारणाने.

खरी अडचण बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात उभी राहते. रुग्णाला उलट्या-जुलाब होतात, त्यात पोटॅशियम कमी होते, आणि गावातले डॉक्टर उलटी थांबवण्यासाठी ऑनडान्सेट्रॉनचे इंजेक्शन देतात, जे स्वतःच क्यूटी वाढवते. मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत, हे संकोचापोटी कोणी सांगितलेले नसते. अशा वेळी ठोके भरकटून शुद्ध हरपू शकते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो.

[दृश्य : रक्ताचा नमुना, नळ्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या]

एका टोचणीत दोन नळ्या भरल्या जातात. पहिली पांढऱ्या पेशींसाठी आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटून मृत्यू झाले, त्यानंतर अनेक देशांत हे औषध मागे पडले आणि पुढे नियमित रक्ततपासणीच्या अटीवरच परत आले. दुसरी नळी हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन आणि शरीरातली सूज दाखवणारे सीआरपी यांच्यासाठी आहे, आणि या चित्रफितीचा सगळा भर तिच्यावर आहे. क्लोझापिनमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, याकडे १९९९ साली सिडनीतल्या डॉक्टरांनी लक्ष वेधले. ही सूज क्वचित येते, पण आली तर बहुतेक वेळा पहिल्या चार आठवड्यांत येते, म्हणून तेवढे आठवडे दर आठवड्याला ही तपासणी करण्याची पद्धत पडली. नुसत्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण हे औषध निरोगी हृदयाचेही ठोके वाढवते. ताप, धाप किंवा छातीत दुखणे जोडीला आले की मात्र थांबून पाहावेच लागते. मात्रा घाईने वाढवली किंवा सोबत व्हॅल्प्रोएट हे फिट आणि मनःस्थितीच्या चढउतारांवरचे औषध चालू असले तर धोका वाढतो. म्हणूनच केसपेपरवर पहिल्या रात्रीसाठी फक्त १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ ची अर्धी गोळी लिहिलेली दिसते.

[दृश्य : कंबरेभोवती मोजपट्टी, खिडकीपाशी वडील]

कंबरेचे माप ९४ सेंटिमीटर भरले आहे. भारतीय पुरुषासाठी ९० ही मर्यादा मानतात. क्लोझापिन आणि त्याच आजारावरचे ओलान्झापिन या दोन्ही गोळ्यांनी भूक व वजन वाढते, त्यामागून साखर आणि चरबी वाढते, आणि वर्षानुवर्षांचा हा भार हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर पडतो. परिचारिका बिडीबद्दल विचारत आहेत, त्यालाही कारण आहे. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत क्लोझापिन लवकर संपवते, त्यामुळे बिडी एकदम सुटली की तीच मात्रा रक्तात जास्त होते. मळून खाल्लेल्या तंबाखूने असा फरक पडत नाही, आणि म्हणून ‘व्यसन आहे का’ एवढ्या मोघम प्रश्नावर इथे काम भागत नाही.

आजार स्वतःही हृदयाला सोडत नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षे आधी जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. या आकड्याला घाबरून गोळ्या बंद करणारी कुटुंबे आम्हाला भेटली. फिनलंडमध्ये ६२ हजारांहून अधिक रुग्णांचा २० वर्षांपर्यंतचा मागोवा घेऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले, आणि सर्वांत कमी क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ मानसिक रुग्णाला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या रुग्णाची बरोबरी देते. ती बरोबरी या खोलीत एका यंत्राच्या आणि दोन नळ्यांच्या रूपाने आली आहे.

[दृश्य : औषध खिडकी, गोळ्यांची मोजणी]

खिडकीवर वडिलांना पुन्हा पुन्हा एकच सूचना दिली जात आहे. पुढच्या महिन्यात गावी लग्न आहे, तिथे हे औषध मिळण्याची खात्री नाही, आणि ४८ तासांहून जास्त खंड पडला तर मात्रा कितीही वर गेलेली असली तरी पुन्हा अर्ध्या गोळीपासूनच सुरुवात करावी लागते.