रेकॉर्डिंग थांबवा : समुपदेशन मानसशास्त्राची अमेरिकेतली पीएच.डी.

(मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बहुतेक जण एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे दिसताहेत, काही जण नोकरी करणारे समुपदेशक आहेत आणि मागच्या रांगेत चार-दोन पालकही आहेत. पालकांचे प्रश्न मला पाठ आहेत. किती वर्षं आणि किती पैसे? त्यांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे ते निवांत बसतील.

एम.ए. करून गेलात तरी पाच-सहा वर्षं धरून चाला, त्यात शेवटचं इंटर्नशिपचं वर्ष आलं. पैशाचं म्हणाल तर पीएच.डी. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) यांत मोठा फरक आहे. पीएच.डी.ला बऱ्याच सरकारी विद्यापीठांत असिस्टंटशिप मिळते : आठवड्याला वीस तास शिकवायचं किंवा संशोधनात मदत करायची, त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला विद्यावेतन. त्यावर चैन होत नाही. गाव लहान असेल आणि घर तिघींत वाटून घेतलं तर महिना निघतो. साय.डी. ही मुख्यतः व्यावसायिक पदवी. तिथे बहुतेकांना खर्च स्वतःचा स्वतः करावा लागतो आणि तो डोळे पांढरे करणारा असतो. कर्ज काढून साय.डी. करायला निघालेल्यांनी आकडेमोड दोनदा करावी, एकदा आई-वडिलांबरोबर बसून.

आता एक नावडता प्रश्न. तुम्हाला डॉक्टरेट हवीच कशाला? समोर बसलेल्या माणसाशी बोलून त्याला मदत करायची, एवढीच इच्छा असेल तर अमेरिकेत त्यासाठी पीएच.डी. लागत नाही. काउन्सेलिंगची साठ क्रेडिटची मास्टर्स पदवी, त्यानंतर ठरावीक तास देखरेखीखाली काम, परीक्षा, आणि राज्याचा परवाना, हा रस्ता पुष्कळ जवळचा आहे. डॉक्टरेट करावी ती संशोधन, मानसशास्त्रीय चाचण्या, पुढच्या लोकांना शिकवणं आणि ‘सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने राखून ठेवलेली उपाधी यासाठी. नावामागे डॉक्टर लागावं म्हणून करू नये. त्याला सहा वर्षं फार होतात.

आपल्याकडे पीएच.डी. म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? प्रवेशाची पेट परीक्षा, गाइड मिळवणं, कोर्सवर्क, सहामाही प्रगती अहवाल, आणि मग प्रबंध, प्रबंध आणि प्रबंध. समुपदेशन या विषयात प्रबंध लिहूनही एकही क्लायंट न पाहिलेला माणूस आपल्याकडे डॉक्टर होऊ शकतो. ती संशोधनाची पदवी आहे, त्यात गैर काही नाही. तिथली काउन्सेलिंग सायकॉलॉजीची पीएच.डी. मात्र वेगळ्या मुशीतून निघालेली आहे. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे परिषद भरली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असावा आणि प्रत्यक्ष काम करणाराही, असं ठरलं. दोन वर्षांनी, १९५१ मध्ये, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या बैठकीत समुपदेशन मानसशास्त्राच्या डॉक्टरेटचा आराखडा तयार झाला. मागणीही होतीच. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले लाखो सैनिक शिकायला आणि नोकऱ्या शोधायला निघाले होते आणि माजी सैनिकांच्या सरकारी खात्याला, म्हणजे व्हीएला, माणसं हवी होती. या शाखेचं मूळ त्याहून जुनं आहे. १९०८ मध्ये बॉस्टनला फ्रँक पार्सन्सने तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं, तिथपर्यंत ते जातं. म्हणून आजही कित्येक विद्यापीठांत हा विभाग मानसशास्त्राच्या इमारतीत सापडत नाही, शिक्षणशास्त्राच्या इमारतीत सापडतो. अर्ज करताना नुसतं ‘सायकॉलॉजी डिपार्टमेंट’ शोधणाऱ्यांचे निम्मे पर्याय इथेच हुकतात.

अभ्यासक्रमाबद्दल फार बोलत नाही, तो संकेतस्थळांवर असतो. पहिली दोन वर्षं संख्याशास्त्र, व्यक्तिमत्त्व, मनोविकार, चाचण्या, नीतिशास्त्र, व्यवसाय-मार्गदर्शन. आपली मुलं लेखी परीक्षेत मागे पडत नाहीत. घोडं अडतं ते प्रॅक्टिकमला, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष समुपदेशन करण्याच्या सरावाला, आणि आज मला बोलायचं आहे ते प्रामुख्याने त्याबद्दल.

पहिल्या वर्षी वर्गमित्रच एकमेकांचे क्लायंट होतात. दुसऱ्या वर्षी तुम्ही बहुधा विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात बसता आणि खरी माणसं समोर येतात. खोलीत कॅमेरा असतो. क्लायंटची लेखी संमती घेतलेली असते, प्रत्येक सत्र ध्वनिचित्रमुद्रित होतं आणि आठवड्यातून एकदा तुम्ही ते घेऊन सुपरवायझरसमोर बसता. ही रीत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची देणगी. त्यांनी ओहायोत असताना फोनोग्राफच्या तबकड्यांवर सत्रं मुद्रित केली आणि १९४२च्या पुस्तकात एका क्लायंटबरोबरची संपूर्ण सत्रं शब्दशः छापली. तोवर बंद दाराआड काय चालतं ते उपचारकाच्या सांगण्यावरूनच कळायचं, आणि उपचारक स्वतःबद्दल जरा बरंच सांगतो.

एक विद्यार्थिनी घ्या. मी सुपरव्हाइज केलेल्या आपल्याकडच्या काही मुलींची मिळून ती एक केली आहे, कुणी ओळखू नये म्हणून. तिच्यासमोर एकोणीस वर्षांचा मुलगा बसलाय. तो म्हणतो, “आईशी बोलून तीन आठवडे झाले.” ही लगेच विचारते, “मग तुम्ही आज तिला फोन करून बघाल का?” मुलगा “हो, करीन” म्हणतो, खुर्चीत मागे टेकतो आणि पुढची दहा मिनिटं परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलतो.

सुपरव्हिजनमध्ये मी इथे रेकॉर्डिंग थांबवते आणि विचारते, “त्याने हे वाक्य म्हटलं तेव्हा तुला काय झालं?” ती उत्तर देते, “त्याच्या बोलण्यात अटॅचमेंटचा प्रश्न दिसत होता.” मी म्हणते, “ते त्याचं झालं. तुला काय झालं?” ती वहीत बघते. मग म्हणते, “मला वाटलं, त्याला काहीतरी कृती द्यावी.” मी पुन्हा तेच विचारते. बऱ्याच वेळाने ती म्हणते, “मीही आईला या आठवड्यात फोन केलेला नाही.”

झालं. आता काम सुरू झालं. त्या वाक्याने मुलापेक्षा तिलाच जास्त टोचलं होतं आणि फोन करण्याचा सल्ला तिने स्वतःची बोच मिटवायला दिला होता. मुलाला आईशी बोलायचं नव्हतं का, बोलायचं होतं पण जमत नव्हतं का, की आईनेच फोन घेणं थांबवलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. रेकॉर्डिंग थांबवून “त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं” हे विचारण्याची पद्धत नॉर्मन केगनने १९६०च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात बसवली. पद्धत साधी आहे, पण एम.ए.पर्यंत पाठांतरावर पहिला वर्ग मिळवलेल्या माणसाला ती सोलून काढते.

आपल्याकडे सल्ला देणं हे मायेचं लक्षण आहे. रस्त्यात ओळखीचा माणूस खोकला तरी आपण त्याला काढा सांगतो. त्यातून आपल्यापैकी अनेकांची मानसोपचारांशी पहिली ओळख विवेकनिष्ठ पद्धतीतून झालेली असते. ही पद्धत काढणाऱ्या अल्बर्ट एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करणारे कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, आणि मराठी वाचकावर हे फार मोठं ऋण आहे. पण त्या पद्धतीतलं वाद घालून अविवेक मोडून काढणं तेवढं विद्यार्थी उचलतात आणि त्याआधी ऐकून घ्यायचं असतं ते विसरतात. अमेरिकेत पहिलं वर्ष जवळजवळ ऐकण्यातच जातं. मेरीलँड विद्यापीठाच्या क्लारा हिल यांनी मदतीच्या संभाषणाचे तीन टप्पे मांडले : आधी उलगडणं, मग उमगणं, आणि शेवटी कृती. आपण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो.

दुसरी अडचण आदराची. सुपरवायझरला सगळे नावाने हाक मारतात. तुमच्या जिभेला ते पहिले सहा महिने जमत नाही, हरकत नाही, कुणी मनावर घेत नाही. पण सुपरवायझर म्हणाली, “मला वाटतं हा मुलगा रागावलेला होता”, आणि तुम्हाला तो घाबरलेला वाटला, तर ते बोलायला हवं. आपण मान डोलावतो. घरच्या वळणाने तो आदर असतो. तिथल्या सहामाही मूल्यमापनात त्याचं भाषांतर होतं : “स्वतःचं मत मांडत नाही, सुपरव्हिजनचा उपयोग करून घेत नाही.” हा शेरा मी हुशार मुलींच्या फायलीत वाचला आहे. तो रास्त असतो का? अर्धाच. तिथल्या प्राध्यापकांनीही शांत बसण्याचा अर्थ विचारून घ्यायला हवा. डेराल्ड विंग सू वगैरे मानसशास्त्रज्ञांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या क्षमता १९९२ मध्ये मांडल्या, त्या क्लायंटला लावतात तशा विद्यार्थ्यालाही लावाव्यात, हे मी विभागाच्या बैठकींत म्हणत आले आहे. तोवर तुम्ही बोलायला शिका.

मूल्यमापन केवळ गुणांचं नसतं. संशोधन, नीती, चाचण्या, उपचार, संवाद, सहकाऱ्यांशी वागणूक अशा नऊ क्षमतांवर तुम्हाला जोखलं जातं, कारण अभ्यासक्रमाला मिळणारी एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता त्यावर अवलंबून आहे. कुठे कमी पडलात तर लेखी सुधारणा-योजना हातात येते. ती आली म्हणजे आभाळ कोसळलं असं समजू नका. बरेच जण त्यातून पार पडतात.

“म्हणजे माझ्या घरच्या गोष्टी प्राध्यापकांना सांगाव्या लागणार?” हा प्रश्न मला दर वेळी येतो. सरसकट नाही. एपीएच्या नीतिसंहितेत त्यासाठी कलम आहे. लैंगिक जीवन, छळाचा इतिहास, स्वतः घेतलेले उपचार, घरचे संबंध यांबद्दल बोलायची सक्ती करता येत नाही. अपवाद दोन : प्रवेशाच्या कागदपत्रांत ती अट आधीच स्पष्ट लिहिलेली असेल, किंवा तुमच्या अडचणींमुळे कामात बाधा येते आहे असं रास्तपणे दिसत असेल. स्वतः थेरपी घेणं बंधनकारक केलं तर ती विभागाबाहेरच्या माणसाकडून घेण्याची मुभा द्यावी लागते, आणि तुम्हाला गुण देणारा प्राध्यापक तुमचा थेरपिस्ट होऊ शकत नाही. मघाचं आईच्या फोनचं वाक्य तिने आपणहून सांगितलं. “मला त्याबद्दल इथे बोलायचं नाही, पण माझं काहीतरी हललं हे कळलंय”, एवढं म्हटलं असतं तरी माझं काम झालं असतं.

संशोधनाबद्दल थोडक्यात. प्रबंध आहेच, त्याआधी सर्वसमावेशक परीक्षा आहे, माणसांवर संशोधन करायचं म्हणून नैतिक समितीची परवानगी आहे. तिथला गाइड पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी तोच तुमची निवड करतो. म्हणून अर्जात “मला लोकांना मदत करायला आवडतं” लिहू नका. त्या प्राध्यापकाचे शोधनिबंध वाचून लिहा.

सगळं वेळापत्रक उलटं मोजलं जातं ते इंटर्नशिपवरून. इंटर्नशिप म्हणजे वर्षभराचं पूर्णवेळ काम, आणि ती विद्यापीठ देत नाही. देशभरातल्या केंद्रांकडे शरद ऋतूत अर्ज, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती, मग तुम्ही केंद्रांची क्रमवारी लावता, केंद्रं तुमची लावतात आणि फेब्रुवारीत संगणक जोड्या लावतो. ज्या गावाशी जोडी लागेल तिथे जायचं, ते बंधनकारक असतं. नवरा टेक्सासात आणि बायको ओरेगॉनमध्ये, असे संसार मी पाहिले आहेत. या अर्जासाठी पहिल्या क्लायंटपासूनचा प्रत्येक तास नोंदवलेला लागतो : किती तास समोरासमोर, किती चाचण्यांचे, किती सुपरव्हिजनचे. दर शुक्रवारी नोंद करा. दोन वर्षांनी आठवून भरायला बसलेल्यांचे हाल विचारू नका.

परदेशी विद्यार्थ्याला इथे दोन जादा खाचखळगे आहेत. मानसशास्त्रज्ञ घडवणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे व्हीएची रुग्णालयं, आणि तिथल्या जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणजे तो मोठा दरवाजा तुमच्यासाठी बंदच. दुसरं, विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पूर्णवेळ काम करण्याची सीपीटी परवानगी बारा महिने किंवा जास्त वापरली, तर पदवीनंतर काम करण्याची ओपीटी सवलत हातची जाते. इंटर्नशिप नेमकी वर्षाचीच असते! त्यामुळे तारखा कशा बसवायच्या हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी आधीच बोलून घ्या. प्रशिक्षण-संचालकाला व्हिसाचे नियम ठाऊक असतीलच या भरवशावर राहू नका.

पदवीनंतर परवाना. ईपीपीपी ही परीक्षा, २२५ प्रश्न, सव्वाचार तास. शिवाय राज्याराज्यानुसार देखरेखीखालचे तास. कॅलिफोर्नियात एकूण तीन हजार लागतात, त्यातले किमान निम्मे पदवीनंतरचे. भारतात परतायचं असेल तर हा परवाना इथे चालत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) करते, आणि समुपदेशकांना २०२१च्या कायद्याने संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांत धरलं आहे. परत यायचं नक्की असेल तर त्या नोंदणीची चौकशी निघण्याआधी करा, विमानातून उतरल्यावर नको.

शेवटी, निवड कशी करायची? एपीएची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता जाहीर करावाच लागतो. किती जणांना पदवीला किती वर्षं लागली, वर्षाचा खर्च किती, इंटर्नशिप किती जणांना मिळाली, मधेच सोडून किती गेले, परवाना किती जणांनी मिळवला. माहितीपत्रकातले हिरवळीचे फोटो बाजूला ठेवा आणि हा तक्ता वाचा. सोडून गेलेल्यांचा रकाना आधी. त्या तक्त्यात परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी ओळ नसते, म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा : तुमच्याकडे एफ-१वर किती जण शिकले, त्यांना इंटर्नशिप कुठे मिळाली, आणि त्यांच्यापैकी एखाद्याशी, प्राध्यापक हजर नसताना, अर्धा तास बोलता येईल का? चांगला विभाग दोन दिवसांत फोन नंबर पाठवतो.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू, त्यांनी खूप वेळ धीर धरलाय.