पहिली पंगत, शेवटची पंगत

(दृश्य : पहाट. गोवऱ्यांचा धूर. दूर भोंग्यावर काकड्याचा आवाज.)

निवेदन :
अमरावती जिल्ह्यातलं, पूर्णेकाठचं एक गाव. सप्त्याचा शेवटचा दिवस. मारुतीच्या पारामागं गोवऱ्या पेटल्यात. आर पडला की त्यात रोडगे जातील. जाडसर दळलेल्या कणकेचे, एकात एक पाऱ्या भरून वळलेले. भाजले की गोणपाटात घालून घोळायचे, म्हणजे राख झडते. मग फोडून वरणात कुस्करायचे. सोबत वांग्याची भाजी.

भोंग्यावर देणगीदारांची यादी सुरू आहे. कोणाकडून गव्हाचा कट्टा, कोणाकडून तेलाचा पिपा. आकडा मोठा असला की नाव दोनदा येतं.

(दृश्य : मंडप. काल्याचं कीर्तन.)

महाराजांनी गीतेतल्या तिसऱ्या अध्यायाचा तेरावा श्लोक घेतलाय. ‘भुञ्जते ते त्वघं पापा ये पचन्त्यात्मकारणात्.’ जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पाप खातात. पाऊण तास हा श्लोक फिरत फिरत शेवटी मंदिराच्या कळसाच्या वर्गणीवर येऊन टेकला. श्लोकात कळस कुठंच नाही. ‘पचन्ति’ म्हणजे शिजवतात. गोष्ट सरळ चुलीची आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही तेच येतं : ‘केवलाघो भवति केवलादी’. एकटा खाणारा पापाचाही एकटाच धनी.

आता ‘दान’ हा शब्द घ्या. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो येतो, तिथं शंकराचार्यांनी अर्थ दिलाय : यथाशक्ति संविभाग, अन्न वगैरेंचा. म्हणजे नीट वाटून घेणं. वर्ध्याजवळ धाम नदीकाठी, पवनारला राहणाऱ्या विनोबांनी हा अर्थ उचलला आणि 1951 पासून गावोगाव पायी फिरत जमीन मागितली. त्यांची मागणी भिकेची नव्हती. तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या, असं ते म्हणत. लोकांनी दिलीही. त्यात मुरमाड, पडीक जमीनही बरीच निघाली. सहाव्या मुलाच्या वाट्याला खडकाळ वावर, हेही आपल्याकडचंच.

(दृश्य : पूर्णेचा घाट, ऋणमोचन.)

याच पूर्णेवर भातकुली तालुक्यात ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी इथं यात्रा भरते. शेंडगावात 1876 साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, इथं राबले. घाट बांधून घेतला, यात्रेकरूंची सेवा केली. शाळेत गेले नव्हते. पोथीचा अर्थ त्यांनी झाडूनं लावला. पंढरपुरात ज्यांना कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आणि पुढं तीही डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन मोकळे झाले.

मंडपात बाबांचा फोटो आहे. हार ताजा आहे. झाडू कुठं दिसला नाही.

(दृश्य : पंगत.)

पहिली पंगत वहीत नाव असलेल्यांची. दुसरी गावाची. मेळघाटातून कापूस वेचायला आलेली कोरकू कुटुंबं लिंबाखाली बसलीत. त्यांना कोणी जा म्हणालं नाही. या असंही म्हणालं नाही.

आचारी चार दिवसांपासून इथंच आहे. दुपारी आमच्या कॅमेऱ्यानं त्याला टिपलं : चार रोडगे त्यानं फडक्यात बांधले आणि भुसाच्या पोत्यामागं सरकवले. मी विचारलं. तो लाजला नाही.

‘‘मायसाठी हायेत. बाजीवर पडून हाये थे. दुसरं कोन आनून देईन तिले?’’

गीता म्हणते, सगळ्यांना वाढून उरलेलं खावं. इथं तर शेवटची पंगत बसायचीच होती. श्लोकाच्या मापानं पाहिलं तर हा माणूस चुकला. पण ते माप धरणाऱ्यानं आधी भोंग्याखालून एक चक्कर मारून यावी, असं मला वाटतं.

(दृश्य : संध्याकाळ. लिंबाखाली पत्रावळी.)

शेवटच्या पंगतीला रोडगे कमी पडले. माणशी अर्धा आला. वरण पातळ झालं होतं. एका पोरीनं दुसऱ्यांदा पत्रावळ पुढं केली. आचारी थांबला. पोत्यामागं गेला, फडकं सोडलं, दोन रोडगे काढले आणि उरलेल्या दोनांवर पुन्हा गाठ मारली.

भोंग्यावर आभारप्रदर्शन चालू होतं. आचाऱ्याचं नाव यादीत होतं का, ते ऐकू आलं नाही. तेवढ्यात लाईट गेली.