नेड लीड्सवरचा आळ : हॉबगॉब्लिन नेमका होता कोण?

(काळा पडदा. पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. न्यू यॉर्कच्या रस्त्याखालचं गटार हळूहळू दिसू लागतं.)

एक दरोडेखोर जीव मुठीत धरून पळतोय. मागे स्पायडर-मॅन आहे. पळता पळता तो गटारात उतरतो, आणि अंधारात चाचपडताना त्याला एक बंद खोली सापडते. धूळ साचलेली, पण सगळं जागच्या जागी. हिरवे मुखवटे. जांभळे पोशाख. भोपळ्याच्या आकाराचे बॉम्ब. वटवाघळासारखं उडतं यंत्र, म्हणजे ग्लायडर. आणि मालकाच्या हस्ताक्षरातल्या डायऱ्या.

हा स्पायडर-मॅनचा जुना शत्रू ग्रीन गॉब्लिन याचा अड्डा. त्याचा मालक नॉर्मन ऑस्बॉर्न ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या चित्रकथा-मालिकेच्या १९७३ च्या जुलैच्या अंकात मेला होता, स्वतःच्याच ग्लायडरचं टोक छातीत घुसून.

घबाड हाती लागलंय हे दरोडेखोराला कळतं. तो ओळखीच्या एका बड्या माणसाला बोलावून आणतो. तो माणूस येतो, सगळं पाहून घेतो, आणि दरोडेखोराला कायमचं गप्प करतो. अख्ख्या अंकात त्याचा चेहरा दिसत नाही. कधी सावली आडवी येते, कधी तो पाठमोरा असतो. शेवटी तो समोर येतो तेव्हा अंगावर पोशाख असतो: केशरी टोपडं, केशरी झगा, आत गडद निळं, आणि पिवळट, दात विचकणारा मुखवटा.

हॉबगॉब्लिन.

(मुखपृष्ठ. कॅमेरा अंकाच्या वरच्या कोपऱ्यावर.)

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’, अंक २३८, मार्च १९८३. लेखक रॉजर स्टर्न, चित्रं धाकट्या जॉन रोमिता यांची आणि त्यावर शाई थोरल्या जॉन रोमितांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची. या अंकाच्या आत अंगावर चिकटवायच्या टॅटूंचा एक कागद घातलेला होता. मुलांनी तो काढला, हातावर चिकटवला, अंघोळीत धुऊन टाकला. म्हणून आज संग्राहक हा अंक हातात घेतला की आधी मधली पानं उघडतात, कागद जागेवर आहे का ते बघायला.

स्टर्न यांच्यासमोर अडचण साधी होती. वाचकांना ग्रीन गॉब्लिन परत हवा होता. पण नॉर्मन मेलेला. त्याचा मुलगा हॅरी, हाही काही काळ गॉब्लिन झाला होता, पण आता संसाराला लागलेला. हॅरीवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन, त्यानेही तो मुखवटा घातला आणि जीव गमावला. म्हणजे ग्रीन गॉब्लिन हे नाव तोवर तीन माणसांच्या अंगावरून फिरून आलं होतं. मेलेल्याला उठवायचं स्टर्न यांना पटत नव्हतं. त्यांनी ठरवलं, वारसा जुना, माणूस नवा. आणि हा नवा माणूस वेडा नसेल. थंड डोक्याचा, हिशेबी असेल.

हिशेबी म्हणजे किती, ते पाहा. ऑस्बॉर्नला अचाट ताकद देणारं रसायन त्याला सापडतं, पण त्याच रसायनाने ऑस्बॉर्नचं डोकं फिरलं होतं हे त्याने डायऱ्यांत वाचलेलं असतं. मग तो लेफ्टी डॉनोव्हन नावाच्या एका भुरट्या गुंडाला पकडतो, त्याच्या मनाचा ताबा घेतो, रसायन आधी त्याच्यावर वापरून बघतो, आणि त्यालाच हॉबगॉब्लिनचा पोशाख चढवून स्पायडर-मॅनवर सोडतो. डॉनोव्हनला भान येऊ लागतं तेव्हा त्याची ग्लायडर इमारतीवर आदळते. प्रयोग संपतो. हॉबगॉब्लिनच्या नावाखाली मेलेला हा पहिला बळी. पुढचा सगळा घोळ याच एका युक्तीत बीजरूपाने आहे: मुखवटा माझा, मरायला दुसरा.

आता मुख्य प्रश्न. मुखवट्याआड कोण?

स्टर्न यांना उत्तर ठाऊक होतं. रॉडरिक किंग्जली. फॅशनच्या धंद्यातला बडा माणूस, १९८० मध्ये स्टर्न यांनीच एका गोष्टीत आणलेला. पण किंग्जली एका ठिकाणी निर्दयी वाटायचा, तर दुसऱ्या ठिकाणी घाबरट. या विसंगतीचंच स्टर्न यांनी गुपित केलं: किंग्जली दोन आहेत. रॉडरिक, आणि त्याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा भाऊ डॅनियल. रॉडरिकला कुठे नाहीसं व्हायचं असलं की त्याच्या खुर्चीत डॅनियल बसतो. म्हणूनच हॉबगॉब्लिन ऑस्बॉर्नच्या डायऱ्यांतली अंडीपिल्ली बाहेर काढून शहरातल्या श्रीमंतांना धमकावतो, तेव्हा त्या धास्तावलेल्या श्रीमंतांत किंग्जलीही बसलेला असतो. वाचक त्याला संशयितांच्या यादीतून काढून टाकतो. मला हा प्रसंग फार आवडतो. लपवायची वस्तू भर उजेडात मांडून ठेवलीय.

पण गुपित फोडायच्या आधीच, १९८४ मध्ये, स्टर्न मालिका सोडून गेले.

(टेबलावर अंकांचा गठ्ठा. हात एकेक अंक बाजूला ठेवतो.)

नवे लेखक टॉम डिफाल्को. स्टर्न यांनी त्यांना उत्तर सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. डिफाल्को यांचं म्हणणं असं की, या माणसाला भाऊ आहे याचा वाचकाला कुठे सुगावाच दिलेला नाही, मग शेवटी भाऊ पुढे करणं ही वाचकाची फसवणूक. हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. रहस्यकथा वाचणारा माणूस लेखकाच्या शब्दावर विसंबून पानं उलटतो. डिफाल्को यांनी मनाशी दुसरं नाव धरलं: गुन्हेगारी दुनियेचा म्होरक्या किंगपिन, त्याचा मुलगा रिचर्ड फिस्क. स्टर्न यांनीही मोकळेपणाने मुभा दिली.

म्हणजे मुखवटा तोच, गोष्ट तीच, आणि आतला माणूस कागदाबाहेर गुपचूप बदललेला.

दरम्यान मालिकेत संशयाची सुई फिरत राहिली. १९८६ मध्ये तर पीटर पार्करचा, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनचा, जुना मित्र फ्लॅश थॉम्पसन हॉबगॉब्लिनच्या पोशाखात पकडला गेला आणि तुरुंगातही गेला. तो निर्दोष होता. टीव्हीवर हॉबगॉब्लिनबद्दल वाकडं बोलल्याची ती शिक्षा होती. फ्लॅश सुटला, कारण तो जिवंत होता.

दुसऱ्याचं तसं झालं नाही.

नेड लीड्स. ‘डेली ब्यूगल’चा बातमीदार. १९६४ च्या नोव्हेंबरच्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी त्याला आणलं. वर्तमानपत्राच्या कचेरीतली बेटी ब्रँट ही पीटरची पहिली मैत्रीण, तिच्यावर नेडचं प्रेम बसतं, १९७६ मध्ये दोघांचं लग्न होतं. साधा माणूस, कामात बरा, पुढे पुढे चिडचिडा झालेला. नव्या चित्रपटांत पीटरचा जो गुबगुबीत, जिवाला जीव देणारा मित्र नेड आहे, त्याचं नाव या बातमीदारावरून घेतलेलं आहे.

संपादक जिम आउस्ली यांनी डिफाल्को यांना विचारलं, हॉबगॉब्लिन कोण? डिफाल्को यांनी मनातलं नाव सांगितलं नाही. गुपित जपण्यासाठी त्यांनी दुसरंच नाव सांगितलं: नेड लीड्स. त्यानंतर आउस्ली यांनी स्वतः एक विशेषांक लिहिला, स्पायडर-मॅन आणि वुल्व्हरीन हे दोन नायक एकत्र असलेला, फेब्रुवारी १९८७ चा. पीटर आणि नेड बातमीसाठी बर्लिनला जातात. पीटर हॉटेलवर परततो, तर खोलीत नेडचं प्रेत.

एव्हाना डिफाल्को यांच्या हातून मालिका गेली होती. रहस्य उघडायची पाळी पीटर डेव्हिड यांच्यावर आली. जून १९८७, अंक २८९. आजवर पेरलेल्या खुणा त्यांना नेडकडेच बोट दाखवताना दिसल्या, आणि नेड तर आधीच मेलेला. त्यांनी ते स्वीकारलं. अंकात किंगपिन स्पायडर-मॅनला काही छायाचित्रं दाखवतो, आणि चार वर्षं ताणलेल्या रहस्याचं उत्तर एका मेलेल्या माणसाच्या नावावर लिहिलं जातं. मुखवटा उतरवण्याची झटापट नाही, समोरासमोर कबुली नाही. जेसन मॅकेंडेल नावाच्या दुसऱ्या खलनायकाने सुपारी देऊन नेडला मारवलं, आणि आता तोच हॉबगॉब्लिनचा पोशाख घालून मिरवतोय.

डेव्हिड यांनी हातात आलेल्या पत्त्यांवर डाव खेळला, त्यांना दोष देता येत नाही. पण एक गाठ सुटत नव्हती. हॉबगॉब्लिनकडे त्या रसायनाची ताकद होती. तो स्पायडर-मॅनशी दोन हात करायचा. अशा माणसाला एका हॉटेलच्या खोलीत चार भाडोत्री मारेकरी पकडतात आणि तो काहीच करू शकत नाही?

ही शंका स्टर्न यांच्या मनातून दहा वर्षं गेली नाही.

(पडदा क्षणभर रिकामा. मग तीन मुखपृष्ठं एकापाठोपाठ.)

१९९७. ‘हॉबगॉब्लिन लिव्ह्‌ज’, तीन अंकांची छोटी मालिका. लेखन रॉजर स्टर्न, चित्रं रॉन फ्रेंझ, शाई जॉर्ज पेरेझ.

मॅकेंडेलवर खटला चालू आहे. तो जाहीरपणे सांगतो की पहिला हॉबगॉब्लिन नेड लीड्स होता. बेटीच्या जखमेवरची खपली निघते. स्पायडर-मॅनला तोच प्रश्न पडतो, इतका बलवान माणूस इतक्या सहज मेला कसा? तिकडे तुरुंगाच्या कोठडीत मॅकेंडेलचा खून होतो. मारणारा असतो हॉबगॉब्लिन, खरा.

आता सगळं उलगडतं. हॉबगॉब्लिनच्या मागावर नेड एकटा निघाला होता, आणि बातमीदाराच्या चिकाटीने त्याच्या अड्ड्यापर्यंत पोचलाही होता. तिथे तो पकडला गेला. किंग्जलीने त्याच्या मनाचा ताबा घेतला आणि डॉनोव्हनला वापरलं तसंच त्याला वापरलं. मराठीत अशा माणसाला तोतया म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे आला, तो तरी स्वतःच्या तोंडाने भाऊ म्हणवून घेत होता. नेड हा असा तोतया, की ज्याला आपण तोतया आहोत हेच माहीत नव्हतं. त्याचं काम संपल्यावर किंग्जलीने गुन्हेगारांच्या दुनियेत कुजबुज सोडली की हॉबगॉब्लिन म्हणजे नेड लीड्स. मारेकरी आपोआप पोचले. मेलेला नेड बोलणार नव्हता, आणि किंग्जली उजळ माथ्याने धंद्यात परतला.

या मालिकेत बेटी नुसती रडत बसत नाही. तीही आता बातमीदार आहे. नवऱ्याच्या नावाचं आमिष दाखवून ती खऱ्या गुन्हेगाराला बिळातून बाहेर काढते. त्यात तिचा जीव धोक्यात येतो. शेवटी मुखवटा निघतो, आत रॉडरिक किंग्जली. डिफाल्को यांना खटकलेला तो भाऊ इथे कथेत रीतसर येतो. त्यांचा आक्षेप पुरता मिटला असं मी म्हणणार नाही. पण १९८३ पासूनच्या चौकटी परत वाचून बघा, प्रत्येक चौकट किंग्जलीवर बसते.

पुढेही मुखवटा फिरत राहिला. त्याआधी मॅकेंडेलच्या काळातच त्याच्या अंगात सैतान शिरून झाला होता आणि त्यातून डेमोगॉब्लिन नावाचा वेगळाच प्राणी निघाला होता, ते सोडून देऊ. २०११ च्या सुमारास फिल युरिक आला, तोही ‘ब्यूगल’मधला, आणि गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात हाच फिल सज्जन ग्रीन गॉब्लिन होता. त्याने किंग्जलीचं मुंडकं उडवलं. नंतर कळलं, ते डॅनियलचं होतं. धाकधुकीचं काम पुन्हा भावाकडे. रॉडरिक तर पुढे खलनायकांचे जुने पोशाख आणि नावं भाड्याने देऊन कमाईतला वाटा घेऊ लागला. कपड्यांच्याच धंद्यातला माणूस, त्याला हे सुचणं स्वाभाविक आहे.

(दोन अंक टेबलावर शेजारी शेजारी. कॅमेरा दोन्हींच्या तारखांवर.)

जून १९८७. मार्च १९९७. मधे नऊ वर्षं, नऊ महिने.

डावीकडच्या अंकात बेटी ब्रँट एका गुन्हेगाराची विधवा आहे. उजवीकडच्या अंकात, हॉबगॉब्लिनच्या दारापर्यंत सगळ्यांच्या आधी पोचलेल्या बातमीदाराची.